थेंब घालूनही नाक बंदच राहतं, तेव्हा आधी थेंब तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३६, राहायला ठाण्यात. गेल्या पावसाळ्यात सर्दी झाली, ती गेली, पण नाक सात-आठ महिने चोंदलेलंच आहे. दिवस कसाबसा निघतो. रात्री ओट्रिव्हिनचे थेंब घातल्याशिवाय झोप लागत नाही. आधी एकदा घातले की रात्र निघायची, आता पहाटे तीनला पुन्हा बाटली शोधावी लागते. वाफ, ओवा, सर्दीच्या गोळ्या सगळं करून झालं. एका ठिकाणी "नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करून टाका" असा सल्ला मिळाला. करावं का?

ऑपरेशनचं नंतर बघू. तुमच्या प्रश्नातली खरी खूण आहे ती पहाटे तीनची बाटली.

नाकाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आडव्या, मांसल घड्या असतात. त्यांना टर्बिनेट म्हणतात. सर्वांत खालची सर्वांत मोठी. तिच्या आत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. रक्त भरलं की ती फुगते, ओसरलं की आकसते. निरोगी माणसाच्या नाकातही हे दिवसभर चालू असतं. काही तास डावी बाजू थोडी फुगलेली, मग उजवी. शिवाय कुशीवर झोपलं की खालच्या बाजूची नाकपुडी बंद होते आणि कूस बदलली की तीही बदलते. म्हणजे "कधी ही बंद, कधी ती" अशी तक्रार असेल तर आत काही अडकलेलं नाही, अस्तर सुजलेलं आहे, एवढं बहुतेक वेळा धरून चालता येतं.

ओट्रिव्हिन, नॅसिव्हिऑन अशा नावांनी मिळणाऱ्या थेंबांत झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असतं. ते या रक्तवाहिन्या आवळतं आणि पाच-दहा मिनिटांत नाक उघडतं. असर आठ-दहा तास टिकतो. तो उतरला की त्या वाहिन्या आधीपेक्षा जास्त सैल पडतात आणि अस्तर पुन्हा फुगतं. चार-पाच दिवस वापरून बंद केलं तर काही बिघडत नाही. रोज घालत राहिलात की अस्तर औषधाला दाद देईनासं होतं, मग दहा तासांचे सहा होतात, सहाचे तीन. एका टप्प्यावर मूळ सर्दी केव्हाच संपलेली असते आणि नाक फक्त थेंब उतरल्यामुळे बंद होत असतं. याला रायनायटिस मेडिकामेंटोसा म्हणतात. चिठ्ठीशिवाय सहज मिळणाऱ्या औषधाने होणारा हा आजार अतिशय नेहमीचा आहे, आणि रुग्ण तो बहुधा सांगत नाहीत, कारण थेंबांना कुणी औषध समजतच नाही. रक्तदाब, काचबिंदू किंवा थायरॉइड जास्त असलेल्यांनी तर हे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालूच नयेत.

नाकात घालायचं साधं मिठाचं पाणीही अशाच छोट्या बाटलीत मिळतं; त्याची सवय लागत नाही. म्हणून वेष्टनावरचं मोठं नाव सोडा, मागच्या बाजूचा घटक वाचा.

थेंबांची सवय सोडायची रीत अशी. पहिल्या दिवशी थेंब बंद करायचे नाहीत. आधी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन या स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे सुरू करायचा. मोठ्या माणसाला साधारणपणे दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन फवारे, दिवसातून एकदा. हा स्प्रे लगेच नाक उघडत नाही; पूर्ण असर यायला दोन आठवडे लागू शकतात. म्हणून पहिला आठवडा स्प्रे आणि थेंब दोन्ही चालू. दुसऱ्या आठवड्यापासून त्यातल्या त्यात बऱ्या नाकपुडीत थेंब घालणं पूर्ण थांबवा आणि दुसऱ्या नाकपुडीत फक्त झोपताना घाला. थांबवलेली बाजू पहिले तीन ते पाच दिवस गच्च बंद होईल, आधीपेक्षा जास्त. ते अपेक्षितच आहे. दुसरी बाजू उघडी असल्यामुळे झोप मात्र मिळते. आठवड्या-दोन आठवड्यांत थांबवलेली बाजू आपोआप श्वास घ्यायला लागते. मग दुसरीचे थेंब बंद करा.

बेत फसतो तो दुसऱ्या बाजूचे थेंब बंद केल्यावर, तिसऱ्या-चौथ्या रात्री. तेव्हा हाताशी बाटली नसली की निम्मं काम होतं. पर्स, गाडीचा कप्पा, ऑफिसचं ड्रॉवर इथल्या सुट्या बाटल्याही टाकून द्या. त्या रात्रींसाठी झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं, गरम पाण्याची अंघोळ आणि पलंगाचं डोक्याकडचं टोक चार-सहा इंच उचलणं एवढं करा. पलंगाच्या त्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे चालतात. उशांचा ढीग लावला तर मान वाकते आणि फायदा कमी होतो. कुणाला एकदम बंद करणं जमतच नसेल, तर झायलोमेटाझोलिनच्या मोठ्यांच्या ०.१ टक्क्याच्या थेंबांऐवजी लहान मुलांचे ०.०५ टक्क्याचे वापरून काही दिवसांत उतरत जाण्याचाही मार्ग आहे. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्सही कधी दिला जातो, पण तो डॉक्टरांनी ठरवायचा, आणि मधुमेह असेल तर सहसा टाळायचा.

"स्प्रे वापरून बघितला, काही उपयोग नाही" ही तक्रार जितक्या वेळा येते, तितक्या वेळा बाटली पुढे करून "मारून दाखवा" म्हणावं. बहुतेक जण मान मागे टाकतात, नळी सरळ वर धरतात आणि दाबताच जोरात हुंगतात. औषध घशात जातं, तोंड कडू होतं आणि टर्बिनेट कोरडीच राहते. नळी आतल्या बाजूला, म्हणजे मधल्या पडद्याकडे धरली तर फवारा रोज एकाच जागी बसतो, तिथे खपली धरते आणि रक्त येतं.

बरोबर पद्धत: आधी नाक शिंकरा किंवा धुवा. बाटली हलवा. नवी बाटली असेल तर बारीक धुकं यायला लागेपर्यंत हवेत पाच-सहा वेळा दाबा. आठवडाभर वापरली नसेल तरी हे पुन्हा करा. मान किंचित खाली, पायाच्या बोटांकडे बघितल्यासारखी. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजव्या नाकपुडीसाठी डावा; हात असा उलटा धरला की नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला वळतं. टोक जेमतेम सेंटिमीटरभर आत, रोख त्याच बाजूच्या कानाकडे. दाबताना एरवी घेतो तितकाच हलका श्वास. घशात चव आली तर जोरात ओढलंत असं समजा, चूळ भरा. नंतर पंधरा मिनिटं नाक शिंकरू नका. रक्ताचा डाग दिसला तर दोन-तीन दिवस थांबा, रोख सुधारा आणि पुन्हा सुरू करा; वारंवार दिसला तर दाखवा.

स्टेरॉइड या शब्दाला घाबरून अनेक जण चार दिवसांत स्प्रे सोडतात आणि सुखाने थेंबांकडे परततात, हा उलटा न्याय आहे. दिवसाचे चार फवारे म्हणजे मोमेटासोनचे २०० मायक्रोग्रॅम. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ५००० मायक्रोग्रॅम असतात आणि ती बहुतेक सगळी पोटातून रक्तात जाते. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनचा स्प्रे रक्तात जवळजवळ पोचत नाही. अपवाद सांगून ठेवतो: काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल, किंवा रिटोनाविर असलेली एचआयव्हीची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. १२० फवाऱ्यांची बाटली दिवसाला चार या हिशेबाने ३० दिवस पुरते. त्यानंतर तळाशी द्रव दिसला तरी फवाऱ्याचं माप भरवशाचं राहत नाही.

आता नाक धुणं. जलनेती जमत असेल तर उत्तम, नसेल तर औषधांच्या दुकानात मिळणारी दोन-अडीचशे मिलिलिटरची पिळायची बाटली त्याहून सोपी. अर्धा लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचा सपाट पाऊण चहाचा चमचा, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे. खडे मीठ चमच्याने मोजू नका, वजन चुकतं. बिनआयोडिनचं बारीक मीठ मिळालं तर बरं. हे प्रमाण रक्तातल्या क्षाराशी जुळतं म्हणून झोंबत नाही. झोंबलं तर मीठ कमी किंवा जास्त झालं आहे, नाहीतर पाणी गार आहे. नुसतं साधं पाणी तर सर्वांत जास्त झोंबतं.

बेसिनवर पुढे वाकून उभे राहा, डोकं थोडं एका कुशीला, तोंड उघडं, श्वास तोंडाने. वरच्या नाकपुडीतून हळू पिळा, पाणी दुसरीतून किंवा तोंडातून बाहेर पडेल. अर्धी बाटली एका बाजूने, अर्धी दुसऱ्या. नाक अगदीच गच्च असेल आणि पाणी पुढे जात नसेल तर जोर लावू नका, कानात दडा बसतो. झाल्यावर पुढे वाकून नाक निथळू द्या. शिंकरताना एका वेळी एकच नाकपुडी, तीही हलक्याने. दोन्ही दाबून शिंकरलं तर पाणी कानाकडे ढकललं जातं. धुतल्यावर पंधरा मिनिटांनी स्प्रे, म्हणजे औषध शेंबडावर न बसता अस्तरावर बसतं.

पाण्याबाबत मात्र सवलत नाही. नळाचं किंवा सोसायटीच्या टाकीतलं पाणी तसंच नाकात घालायचं नाही. ते खळखळून उकळा, उकळी किमान एक मिनिट टिकू द्या, झाकून कोमट करा आणि त्याच दिवशी वापरा. कारण नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा. प्यायलेल्या पाण्यातून तो काही करत नाही, पण नाकातून गेला तर वासाच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूत पोचतो आणि त्यातून वाचणारे थोडे. अमेरिकेत लुइझियानामध्ये २०११ साली नळाच्या पाण्याने नेती केलेल्या दोघांचा असा मृत्यू झाला. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाच्या मेंदूज्वराचे अनेक रुग्ण आढळले. हे दुर्मीळ आहे खरं, पण दहा मिनिटांच्या गॅसने टळणारंही आहे. बाटली रोज साबणाने धुऊन उघडी वाळवा आणि तीन महिन्यांनी बदला.

थेंब सुटले की खाली काय उरतं ते कळतं. सकाळी उठताच शिंकांची माळ, नाक-डोळ्यांना खाज, पाण्यासारखं नाक वाहणं असं असेल तर ॲलर्जी. ठाणे, मुंबई, कोकण, गोवा या दमट पट्ट्यात पहिला संशय गादीतल्या धूळकिड्यावर घ्यावा. तो डोळ्यांना दिसत नाही, हवेतल्या ओलाव्यावर जगतो आणि माणसाच्या त्वचेचा कोंडा खातो. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात, गादी-उशीला चेनचं घट्ट विणीचं कव्हर, कापसाच्या गाद्यांना पाऊस उघडताच कडक ऊन, आणि माळ्यावरची जुनी गोधडी कितीही आजीची असली तरी झोपायच्या खोलीबाहेर. केर झाडूने उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. भिंतीला बुरशी असेल तर रंग मारून ती जात नाही, गळती बंद करावी लागते. डासांची कॉइल, उदबत्ती आणि धूप ही ॲलर्जी नसलेल्या नाकालाही त्रास देतात. बंद खोलीत रात्री कॉइल लावून सकाळी नाक बंद असल्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. पुण्याकडे किंवा देशावर पावसाळ्याच्या आसपास त्रास वाढत असेल तर गाजरगवताचे परागही बघावे लागतात. ॲलर्जी शोधायला त्वचेवरची टोच-चाचणी उपयोगी, आणि तिच्या आधी साधारण आठवडाभर सेट्रिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. रक्तातला नुसता एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिद्रव्य) जंतांनीही वाढतो, त्यावरून काही ठरवू नये.

गोळ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन शिंका आणि पाणी थांबवतात, चोंदणं फारसं नाही. सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलेफ्रिन तोंडाने घेतलं तर नाक उघडत नाही, असं अमेरिकेच्या औषध नियामकाच्या, म्हणजे एफडीएच्या, तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने म्हटलं. आपल्याकडच्या नेहमीच्या पाकिटांत ते आजही असतं. मॉन्टेलुकास्ट सरसकट सेट्रिझिनसोबत लिहिलं जातं, पण त्यामुळे झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते म्हणून २०२० मध्ये एफडीएने त्यावर ठळक इशारा घातला. प्रतिजैविकं चोंदलेल्या नाकाचं औषधच नाही.

वाफेने थोडा वेळ बरं वाटतं, एवढंच. ओव्याची पुरचुंडी, कापूर, मेंथॉलचा बाम यांनी नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, कारण मेंथॉलसारखी द्रव्यं आतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागं करतात. हवेची वाट तेवढीच राहते. दोन वर्षांखालच्या मुलांना कापराचा बाम लावू नका, कापराने झटके येऊ शकतात. उकळत्या पातेल्यावर मुलाला वाकवू नका. आणि तान्ह्या बाळाच्या नाकात तूप किंवा तेल घालायची पद्धत तर बंदच करा, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. बाळाला मिठाच्या पाण्याचे दोन-दोन थेंब पुरतात.

आता हाडाचं. "हाड वाढलंय" असं सांगितलं जातं तेव्हा तीनपैकी काहीतरी म्हणायचं असतं: मधला पडदा वाकडा आहे, टर्बिनेट फुगली आहे, किंवा मऊ मांस, म्हणजे पॉलिप वाढला आहे. तिघांचे उपचार वेगळे, म्हणून डॉक्टरांना नेमकं विचारा. काही अंदाज घरीही येतो. थेंब घातल्यावर नाक पूर्ण उघडायचं का? तुमचं उघडायचं, रात्रभर टिकायचं. म्हणजे अडथळा सुजेचा. वाकडा पडदा किंवा पॉलिप थेंबांनी सरळ होत नाही. दुसरं, स्टीलची गार ताटली नाकाखाली आडवी धरून नाकाने श्वास सोडा. दोन्ही बाजूंना वाफेचे डाग उमटतात. एक डाग नेहमीच लहान, दिवसाच्या कुठल्याही वेळी त्याच बाजूचा, तर पडद्याचा विचार करा. तिसरं, गालाची कातडी नाकाजवळून बोटाने बाहेर ओढल्यावर त्या बाजूचा श्वास एकदम सुटत असेल तर अडचण नाकाच्या पुढच्या अरुंद दारात आहे. तिथे रात्री लावायची चिकटपट्टीही काम करते. आणि टॉर्च मारून आरशात आत दिसणारा गुलाबी गोळा बहुतेक वेळा तुमची स्वतःची टर्बिनेट असते. पॉलिप फिकट, करडा, सोललेल्या द्राक्षासारखा दिसतो आणि वास घेण्याची शक्ती घालवतो.

थोडा वाकडा पडदा असंख्य लोकांना असतो आणि तो वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, एका पावसाळ्यात वाकडा होत नाही. म्हणून थेंबांनी फुगलेल्या नाकावर ऑपरेशनचा निर्णय घेणं चुकीचं. थेंब सुटून, स्प्रे आणि धुणं नीट सहा ते आठ आठवडे झाल्यावर दुर्बिणीने नाक तपासून घ्या. तेव्हाही एक बाजू कायम बंद असेल तर पडदा सरळ करण्याचं ऑपरेशन चांगला आराम देतं. टर्बिनेट लहान करून घ्यायची वेळ आली तर ती पूर्ण काढून टाकत नाहीत ना, हे विचारा. पूर्ण काढली तर नाक आत मोकळं होऊनही श्वास कोंडल्यासारखा वाटतो आणि त्यावर उपाय अवघड. सायनसचा सीटी स्कॅन सर्दी चालू असताना करू नका, त्या वेळी जवळजवळ प्रत्येकाच्या सायनसमध्ये काहीतरी दिसतं. साधा एक्स-रे तर करायलाच नको.

थांबून न बघण्यासारख्या गोष्टी वेगळ्या. एकाच बाजूने बंद आणि त्याच बाजूने रक्त किंवा घाण वास; डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, गाल बधिर होणं, वरचे दात हलायला लागणं; पुढे वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा स्राव टपकणं; किशोरवयीन मुलाला एका बाजूने नाक बंद आणि भळाभळा रक्त. यातलं काहीही असलं तर त्याच आठवड्यात तज्ज्ञांकडे जा. मधुमेह ताब्यात नसताना चेहरा दुखून नाकात काळी खपली दिसली तर त्याच दिवशी, हे २०२१ च्या म्युकरमायकोसिसने महाराष्ट्राला शिकवलं आहे. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीचा शेंबूड म्हणजे आत मणी, शेंगदाणा किंवा बटण-सेल. सेल असेल तर काही तासांत पडदा जळतो, तेव्हा घरी चिमटा लावण्यात वेळ घालवू नका. मूल रोज तोंड उघडं ठेवून घोरत झोपत असेल तर ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, तपासून घ्या. गरोदरपणात चोंदलेलं नाक बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत सुटतं, तोवर मिठाचं पाणी, आणि लागलाच तर डॉक्टरांना विचारून बुडेसोनाइडचा स्प्रे.

तपासणीला जाताना नाकात घातलेली प्रत्येक बाटली आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही नाक चोंदतं, आणि दिवसातून किती वेळा थेंब घातले याचा खरा आकडा घरच्यांकडून कळतो, म्हणून शक्य तर त्यांच्यापैकी कुणाला तरी सोबत न्या.